बाहेरचा कायदा

आये, तू एकदा मला एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आता ते सापडलंय, म्हणून लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं आणि माझ्याकडे तुझा पत्ता नाही, म्हणजे अडचण दोन्हीकडून आहे. पण एखादी गोष्ट सांगायची म्हटली की सांगून मोकळं झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे मी तुझ्याकडूनच उचललंय.

बारावीनंतर मी पदवीला आंतरराष्ट्रीय कायदा आणि जागतिकीकरण घेतलं, तेव्हा आपल्या टेमघरच्या चाळीत या नावाचा धड उच्चार करणारी मी एकटीच होते. दिघाशीहून मामा मुद्दाम आला होता. समोरचा चहा तसाच निवू देत तो म्हणाला, "ताय, तिला डीएडला घाल. मास्तरीन झाली तं सोयरीक तरी बरी येल. ह्यो कसला कोर्स? धड वकील पन न्हाय व्हनार." तू नुकतीच ड्युटीवरून आली होतीस. लूमवर आडव्या धाग्यासाठी कांड्या लागतात, त्या दिवसभर भरून तुझ्या केसांत, भुवयांत कापसाची पांढरी भुकटी बसलेली असे. पदराने तोंड पुसत तू म्हणालीस, "बाहेरचं कापड येतंय, बाहेरचं शेठ येतान. मंग बाहेरचा कायदा आपल्यातल्या कोनी शिकाचाच न्हाय का?" मामा म्हणाला, "आन पुढं काय न्हाय जमला तं?" तू म्हणालीस, "तं माज्या तोंडावर बोल. शब्द माजा हाय." मामाने कप उचलला आणि निवलेला चहा एका घोटात संपवला. मी दाराआड उभी होते. त्या घटकेला मला कॉलेजपेक्षा तुझ्या शब्दाचीच जास्त धास्ती वाटली होती.

लूमच्या खटखटाटात जन्म गेल्यामुळे तुला हळू बोलणं जमतच नसे. त्यामुळे 'पोर बाहेरचा कायदा शिकतं' ही बातमी नळापासून पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली, आणि जाता जाता तिच्यातला कायदा कुठेतरी गळून पडला. एका सकाळी समोरची काकी नारळ आणि लिंबं घेऊन दारात हजर. "तुजी पोर बाहेरचा शिकतं ना? माज्या सुनेला जरा बघाला सांग. उभी र्‍हायली का पडतं, काय खात न्हाय." तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस आणि मग अशी हसलीस की काकी चिडली. तू सुनेला दवाखान्यात नेलंस. तिला बाहेरचं काही लागलं नव्हतं, दिवस गेले होते. तरी चाळीत माझं नाव पडायचं ते पडलंच. मी कॉलेजला निघाले की पोरं एकमेकांना सांगायची, बाजूला व्हा, भुतं काढणारी आली. मला रडू यायचं आणि तुला मजा वाटायची. नारळ मात्र तू परत केला नाहीस, त्याची चटणी केलीस.

तुझा प्रश्न त्याच वर्षीचा. तू चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापतेयस आणि मी पाटावर बसून तुला त्या दिवशी वर्गात शिकवलेलं सांगतेय. देश एकमेकांशी करार कसे करतात, सही केली की बांधले कसे जातात, सगळं मोठ्या ऐटीत चाललंय. तू परातीतलं पीठ एकत्र करत विचारतेस, "आन एकाद्यानं न्हाय आयकलं तं? पोलीस येतान का?" मी म्हणते, "पोलीस नाहीत तिथे." "मंग काय करतान?" मी बराच विचार करते आणि म्हणते, "पत्र लिहितात." तू हातातली भाकरी तशीच धरून बघत राहतेस. "पत्र?" आणि मग जे हसायला लागतेस ते तव्यावरची भाकरी करपेपर्यंत. "अगो, पत्र लिवाला तुला चौथीतच येत व्हतं! त्याला कॉलेज कशाला पायजे व्हतं?" मी पाटावरून उठले. उद्यापासून जात नाही म्हणाले, मामाचंच खरं म्हणाले. तेव्हा तुझं हसू गेलं. असा आवाज तू माझ्यावर कधी चढवला नव्हतास. "मी हसली म्हनून सोडतंस? उद्या जग हसेल, तवा काय करशील? बस खाली. करपलेली तूच खा. आन पत्रानं काय व्हतं ता शिकून ये, मंग मना सांग." ती करपलेली भाकरी मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले.

पदवीचा निकाल तू पाहिलास, पेढे लूमच्या शेडमधल्या मशीन-मशीनवर जाऊन वाटलेस, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेलीस. उत्तर ऐकायला थांबली नाहीस. मला अजूनही कधीकधी त्याचा राग येतो, आये. इतकी काय घाई होती?

आता मी हाच विषय पदवीच्या मुलांना शिकवते. तुझी शेड गेली, तिथे गोदाम उभं राहिलंय आणि जगभरातली खोकी त्यात उतरतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं सुट्टीत तिथेच पॅकिंगला जातात. म्हणून जागतिकीकरणाचा धडा मी पुस्तकातून सुरू करत नाही, आज कुठल्या देशाचं खोकं उचललंत तिथून सुरू करते. दर वर्षी अंबाडीकडून येणारा कोणी ना कोणी मुलगा तुझाच प्रश्न विचारतो, "मॅडम, न्हाय ऐकलं तर?" मी हसून पुढे जायची. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी काकी आली. आता पार वाकलीय. तिचा नातू, म्हणजे तेव्हा सुनेच्या पोटात होता तोच, मालवाहू जहाजावर खलाशी झालाय. जहाज एका परक्या बंदराबाहेर अडकलं आणि मालक गायब झाला. मालक एका देशाचा, जहाजावरचा झेंडा दुसऱ्याच देशाचा, बंदर तिसऱ्याचं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतोय, पगार बंद, पिण्याचं पाणी मोजून प्यायचं. एजंटने फोन उचलणं सोडलेलं. काकी माझ्या दारात बसली आणि म्हणाली, "तुजी आय सगल्यांना सांगत व्हती ना, पोर बाहेरचा कायदा शिकतं. मंग आता बघ." या वेळी तिने नारळ आणला नव्हता.

मी काय केलं असेल? पत्रं लिहिली. झेंडा ज्या देशाचा त्याला, बंदरावरच्या अधिकाऱ्यांना, विमा कंपनीला, आपल्या दूतावासाला, खलाशांच्या संघटनेला. असं टाकून दिलेल्या खलाशांना घरी पोचवायची जबाबदारी कोणाची, हे करारात स्वच्छ लिहिलंय, त्यावर या देशांच्या सह्या आहेत. तिसऱ्या वर्षाची सगळी मुलं कामाला लावली. पहिल्यांदा कोणाचंच उत्तर नाही. परत लिहिलं. एकाने दुसऱ्याकडे जा म्हणून कळवलं, तर ते उत्तर जोडून दुसऱ्याला लिहिलं. शेवटी बंदराचा माणूस जहाजावर चढला, पाणी आणि जेवण पोचलं, आणि पुढे विमा कंपनीने तिकिटं काढली. कोणी बंदूक काढली नाही. त्या बंदराचेही खलाशी उद्या कुठेतरी अडकणार असतात, आये, आणि तेव्हा आपल्याकडे कोण बघणार, ही भीती प्रत्येकाला असते; पत्र तीच जागी करतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मला ते कळायला अर्धं आयुष्य गेलं, पण आता मी कोणाहीपुढे ठासून सांगते.

पोरगा आला त्या दिवशी काकी चाळीच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, "आमच्या पोरीनं बाहेरचा उतरवला!" अगदी तुझ्यासारखी, गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशी. म्हातारा मामाही आला होता. या वेळी तो चहा गरम असतानाच प्यायला. तुझा शब्द राहिला, आये.

वर्गात सांगत नाही ते तुला सांगते. पुष्कळदा कोणी ऐकत नाही. पत्रं जातात, उत्तर येत नाही, मी परत लिहिते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही, तेच माझं काम आहे. हेही तसंच एक पत्र, असं म्हणून बसले होते. पण लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं, आणि 'पत्रं लिहिली' या वाक्याशी थांबले. तू हसशील म्हणून जरा वेळ थांबूनच राहिले.