देवी उठल्या नाहीत

॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. ७ जुलै १९५७

नीलाच्या बाबांचे चरणी तुळसाचा नमस्कार.

वि. वि. तुमचं १८ जूनचं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल असं लिहायची रीत आहे, आणि आहोतही, फक्त निम्मी आळी तापाने आडवी झाली आहे. हा नवा ताप सिंगापूरकडून मद्रासच्या बंदरात उतरला आणि तिथून आगगाडीत बसून इकडे आला म्हणतात. शाळा आठ दिवस बंद होती. मला दोन दिवस आला, नीलाला एक दिवस. आईंना आला नाही. तुमच्या आईंना काही होत नाही.

एडनला यायचे जे नियम तुम्ही लिहून पाठवलेत, तो कागद मी दाराच्या आतल्या बाजूला डकवला आहे. पासपोर्ट झाला. तुमच्या मिठागराच्या साहेबाची चिठ्ठी आली. कॉलऱ्याची सुई आम्ही दोघींनी घेतली. बोटीवर चढण्याआधी तीन दिवसांत ताप नसल्याचा डॉक्टरचा कागद, हा यंदाचा नवा नियम, तोही त्या वेळी घेऊ. देवी मी पुन्हा टोचून घेतल्या. माझ्या लहानपणी काढलेल्या आहेत, त्यामुळे माझ्या उठल्या काय आणि न उठल्या काय, चालतं.

अडलं आहे ते नीलाचं. ती खडवलीला माझ्या माहेरी झाली आणि देवी डॉक्टर गावात आला त्या दिवशी आम्ही नदीवर होतो, म्हणून तिच्या राहूनच गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्यांदा टोचलेल्या देवी उठलेल्या, म्हणजे टोचल्या जागी फोड आलेले, डॉक्टरने आठव्या दिवशी डोळ्यांनी बघितल्याशिवाय दाखल्यावर सही होत नाही. सही नाही तर ठाण्याच्या कचेरीचा शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर पोरीला तिकडच्या धक्क्यावर उतरू देत नाहीत.

तर नीलाच्या देवी उठल्या नाहीत.

कल्याणच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या देवी डॉक्टरांनी तिचा दंड खिडकीशी नेऊन पाहिला आणि मला म्हणाले, "बाई, हे पुसलेलं आहे. लस वाळू दिलेली नाही." मी म्हटलं, कोण पुसणार? तर म्हणाले, "घरात कोण कोण असतं?"

मी कोणाचं नाव घेत नाही. पण टोचून आणलं त्याच दुपारी आई नीलाला कडेवर घेऊन खाडीकडच्या गावदेवीला जाऊन आल्या. "गावदेवीला इचारल्याबिगर पोरीच्या देवी काढाया निघाली," असं मला ऐकू येईल इतपत बोलल्या. शिवाय नीला गेली की घर खायला उठेल असं शेजारणीला सांगताना मी ओटीवरून ऐकलं आहे. आता यातून काय समजायचं ते तुम्ही समजा. मी सून आहे, माझ्या तोंडी ते शोभत नाही.

१४ तारखेची बोट आता चुकणार. १० तारखेला पुन्हा टोचायला बोलावलं आहे.

तुमच्याबरोबर कामाला असलेला महिपत रजेवर आला, तो तुमचा जुना सदरा देऊन गेला, नीलाच्या झग्यासाठी. सगळा वेळ माझ्या पायांकडे बघून बोलला. तुम्ही आणायला सांगितलेलं सामान, सुकट, आमसुलं आणि हिरव्या बांगड्यांचं एक डझन, लक्षात आहे.

नीला तुम्हाला पापा पाठवते. मी नमस्कार.

तुळसा


॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. २६ जुलै १९५७

नीलाच्या बाबांना नमस्कार.

तुमचं १५ तारखेचं पत्र मिळालं. पोरीला आईंपासून लांब ठेव असं लिहिलंत, तसं मी आधीच ठेवलं होतं. या खेपेला टोचून आणल्यापासून मी नीलाला आईंच्या मांडीवर बसू दिलं नाही. आंघोळ मी घातली, जेवू मी घातलं. आई बिचाऱ्या दाराशी बसून तिला लांबूनच चिऊकाऊ दाखवत होत्या. बिचाऱ्या म्हणजे, तशा दिसत होत्या.

तरीही देवी उठल्या नाहीत.

देवी डॉक्टर स्वतः तापातून नुकते उठले आहेत, बोलताना धाप लागत होती. तिथे बाकावर आफ्रिकेला जाणारं एक कुटुंब होतं, त्यांच्यातल्या एकाला अंग गरम लागलं म्हणून बोटीवरून सगळ्यांचं सामान खाली उतरवलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "मिठाचं पाणी लावता काय हाताला?" मी म्हटलं, आमचं घर मिठागरवाल्याचं, मीठ पोत्याने पडलेलं असतं, कोणाचाही हात लागेल. त्यांनी चष्म्यावरून नुसतं माझ्याकडे बघितलं. मला त्या माणसाचा रागच आला. यांना टोचायचा पगार मिळतो की बायकांची तोंडं वाचायचा?

२ ऑगस्टची बोटही गेली असं समजा.

आता सदऱ्याचं लिहिते. उसवायला घेतला तर त्याची तीन बटणं मी लावलेली, दोन नाहीत. मी बटणाला दोन सरळ टाके घालते, समांतर. ही दोन फुलीच्या टाक्याने लावलेली आहेत, गाठ आतून, दोरा दातांनी तोडलेला. तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही बटण तुटलं की सदऱ्याला टाचणी लावून मिठागरावर जात होतात, ते मी विसरले नाही. शिंप्याने लावली म्हणाल, तर शिंपी दातांनी दोरा तोडत नाही, त्याच्याकडे कात्री असते.

आणि बांगड्यांचं. मी दुकानात गेले तेव्हा तुमची यादी बरोबर होती. तुम्ही लिहिलं आहे, "हिरव्या, माप अडीच." कासारणीने माझा हात धरला आणि हसली. म्हणाली, "वैनी, तुमचा हात सव्वादोनचा. अडीचच्या घातल्या तर इथनं स्टेशनपर्यंत गळून पडतील." मी म्हटलं, यांना लिहिताना चूक झाली असेल. ती म्हणाली, असेल. बायकांना दुसऱ्या बाईचं "असेल" बरोबर कळतं.

तीन वर्षांत माझा हात एवढा वाढला असेल असं तुम्हाला वाटलं काय? खाण्यापिण्याची इतकी चंगळ इकडे नाही.

याचं उत्तर द्या. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

तुळसा

ता. क. तिसऱ्या खेपेला ९ ऑगस्टला बोलावलं आहे.


॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. १७ ऑगस्ट १९५७

नीलाच्या बाबांस,

तुमचं पाकीट ६ तारखेला आलं. आत दोन पत्रं. आईंना चार पानं. मला एक पान, त्यात बोटीच्या तारखा, तापाच्या कागदाचा नमुना, आणि शेवटी बांगड्यांना दीड ओळ: "त्या शेजारच्या बाईंनी मागवल्या आहेत, इकडे मिळत नाहीत, भलतं मनात आणू नकोस." बटणांना तेवढीही नाही.

आईंचं पत्र त्यांना वाचून दाखवायचं काम माझंच. त्या सुकट निवडत बसल्या होत्या. मी पत्र उघडलं, पहिल्या चार ओळी मनात वाचल्या. मग मोठ्याने म्हटलं, "आई, प्रकृतीला जप. नीलाची आठवण येते. सहदेव." आणि घडी घालायला लागले.

आई वर न बघता म्हणाल्या, "येवढाच लिवलाय? कागद तं दोन्ही बाजूंनी काला झालाय."

मी घडी पुन्हा उघडली.

"वाच. मना आयकायचाय."

मग वाचलं. आई, तू माझा संसार मोडू नकोस. पोरीच्या हातावरची लस पुसून टाकलीस, तुला लाज कशी वाटली नाही. तुझ्यासारख्या आईपेक्षा... पुढचं तुम्हाला पाठ असेल. तुमचं अक्षर, माझा आवाज, आणि ऐकणारी ती म्हातारी. चारही पानं वाचली. त्या सुकटीतले खडे वेचून बाजूला टाकत राहिल्या.

संपल्यावर म्हणाल्या, "तो फडका तू चुलीमागं वाळत टाकतंस. मिठाचा पांढरा डाग पडतो त्याला. मी पयल्याच खेपेला बघितला."

आता लिहिते. दोन्ही वेळा नीलाचा हात मीच पुसला. मिठाच्या पाण्यात फडका भिजवून, घरी आल्या आल्या, ती रडत असताना. आईंनी नाही. आईंचा या सगळ्यात एवढाच दोष की त्या गावदेवीला जाऊन आल्या, आणि तिथे त्यांनी काय मागितलं ते मला आता कळलं आहे. पोरीच्या देवी सुखरूप उठू देत, हेच मागितलं होतं.

मी का पुसला, ते तुम्ही समजलाच असाल. तुमचं यादीचं पत्र जूनमध्येच आलं होतं आणि मला अडीच हा आकडा पहिल्या वाचनातच दिसला होता. लिहिताना चूक झाली असेल असं मी कासारणीला सांगितलं खरं, पण मला स्वतःला ते एकदाही पटलं नाही. परक्या मुलखात, तुमच्या खोलीच्या दारात, पोर काखेत घेऊन उभं राहायचं आणि आतून कोण बाहेर येतं ते बघायचं, याची मला भीती वाटली. नियमांच्या तुमच्या कागदात एकच नियम असा होता जो माझ्या हातात होता. तो मी मोडला आणि दोष आईंच्या माथी मारला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. आईंनी पाहिलं असेल, डॉक्टरांनी ओळखलं असेल, महिपतही म्हणूनच नजर चुकवत असेल, असं वाटायचं. मला लाज वाटते, आणि ती आईंपुढे वाटते. तुमच्यापुढे अजून वाटत नाही.

मी आईंना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? तुमचा मुलगा तुम्हाला इतकं लिहितो आणि तुम्ही मुकाट ऐकता?

त्या म्हणाल्या, "आईनं पुसला म्हनून चिडला, तं चार दिस चिडंल. बायकोनं पुसला असा त्याला कलला असता तं?"

माझ्याच्याने तिथे बसवेना. मी नीलाला उचललं आणि परसात जाऊन रडले. त्या थोड्या वेळाने मागून आल्या. पुढचं त्यांनी सांगितलं ते त्यांच्या परवानगीने लिहिते. "लिव त्याला," असं म्हणाल्या.

मामंजी मोंबाश्याला होते तेव्हा तुमच्या आईला बोटीवर चढू दिलं नाही, प्लेगची तपासणी आडवी आली, असं तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. ते खरं नाही. तेव्हा धक्क्यावर डॉक्टर काखेत गाठी चाचपत, म्हणून अंगाला परका हात लावू देणार नाही असं सांगून त्या घरीच राहिल्या. ती सबब होती. खरं कारण असं, की मामंजींबरोबर गेलेल्या कोणीतरी येऊन सांगितलं होतं, तिकडे त्यांच्या चुलीवर कोणी दुसरंच भाकऱ्या भाजतं. आई गेल्या नाहीत. मामंजी अकरा वर्षांनी परत आले तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात आणि बापाला पाहून दाराआड लपलात. त्यांनी काही सांगितलं नाही, आईंनी काही विचारलं नाही.

"अकरा वरसं मी त्या बायेला मनातल्या मनात शिव्या दिल्या," आई म्हणाल्या. "ती व्हती का नवती, मना आजपन ठाव नाय. तू जा. डोल्यांनी बघून ये. असली तं असली. नसली तं तुजी अकरा वरसं वाचली."

मग ९ तारखेला आम्ही तिघी कल्याणला गेलो. टोचून झाल्यावर आई दवाखान्याच्या पायरीवर नीलाचा हात धरून बसल्या, लस पार वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही, अगदी मलासुद्धा. मला तर मुद्दाम चार हात लांब बसवलं आणि वर हसल्या. आज आठवा दिवस. देवी उठल्या आहेत, तिन्ही ठिकाणी, टपोऱ्या. पोरीला कणकण आहे, हात लावला की किंचाळते. डॉक्टरांनी सही करताना पुन्हा चष्म्यावरून बघितलं. या वेळी मी नजर वळवली नाही.

५ सप्टेंबरच्या बोटीची तिकिटं घेते आहे. खपली धरली की ठाण्याला शिक्क्याला जाऊ, मग तापाचा कागद. मला ताप आला तरी मी तो अंगावर काढीन आणि बोटीवर चढेन, असं आईंना म्हटलं, तर त्या रागावल्या. म्हणाल्या, येवढी लबाडी झाली ती बस झाली. म्हणून तसं करणार नाही. ताप आला तर पुढच्या बोटीने येईन. पण येईन.

आईंना आधी चार ओळींचं तरी पत्र पाठवा. त्यात त्यांचे पाय धरल्याशिवाय ते पाठवू नका. हे पत्र मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं आहे, एक ओळ न गाळता.

बांगड्या काल घेतल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, म्हणून तुम्हाला आता काही विचारत नाही. तुमचं उत्तर मला नको. फक्त त्या शेजारच्या बाई सुवासिनी आहेत का, तेवढं तुम्ही लिहिलं नाहीत. हिरव्या मागवल्यात म्हणून आठवलं.

आम्ही उतरू त्या दिवशी धक्क्यावर येताना त्यांनाही बरोबर आणा. अडीचच्या बारा आणल्या आहेत, त्या मी माझ्या हाताने त्यांच्या हातात भरीन. बांगडी भरताना बाईचा हात हातात धरावा लागतो. मला तेवढाच वेळ पुरे आहे.

सव्वादोनच्या मापाची,
तुळसा