तुमच्या तळहातावरचा चौथा सीझन

प्रिय आप्पा,

हे पत्र मी कच्चं न लिहिता थेट लिहितोय. तुम्हाला माहीत आहे, वाण्याची यादीसुद्धा मी आधी कच्ची लिहितो आणि मग पक्की करतो. तुम्ही हसायचात, "अरं, साखरंला कशाला पायजे शुद्धलेखन?" पण आज कच्चं लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीवर फुली मारीन, आणि पुन्हा गप्प बसेन. सहा वर्षं गप्प बसलो, तेवढं पुरे झालं.

परवा निकाल लागला. मी बी.ए. झालो, आप्पा! इतिहासाचा तो एकच पेपर राहिला होता, तो सुटला. नेट कॅफेत मी बैठक क्रमांक तीन वेळा तपासला. चौथ्यांदा तपासायला लागलो तेव्हा तिथला मालक म्हणाला, "पावणं, आता काय नंबर बदलणार हाय व्हय?"

त्या पेपराची एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. तुम्ही होतात तेव्हाच सांगायला हवी होती. तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं झाली, आणि तुमच्या फोटोसमोर उभा राहिलो तरी माझी नजर खाली जायची. पण काल कारखान्यात पेढे वाटताना तुमच्या शेडमधले तात्या जे बोलले, त्यानंतर ती सांगायची भीती उरली नाही. आधी माझं सांगतो, मग तात्यांचं.

आठवतंय, पहिल्या वर्षी तुम्ही माझी मॅच बघायला आला होतात? पहिली पाळी करून थेट आलात, शर्टाला फाउंड्रीतल्या साच्यांची काळी वाळू तशीच. फुटबॉलला आपल्याकडे पेठाच्या पेठा लोटतात. आमच्या बास्केटबॉलला तुम्ही होतात आणि कॉलेजचा शिपाई, तोही मैदानाला कुलूप लावायला थांबलेला. मी फॉरवर्ड होतो. फॉरवर्डने बास्केटजवळ घुसायचं, बॉल टाकायचा, चुकलेला बॉल उडी मारून पुन्हा पकडायचा. आणि मी काय करत होतो? बॉल हातात आला की समोर दिसेल त्याला देऊन मोकळा होत होतो. टाकला आणि चुकला तर सगळे बघतील, एवढीच धास्ती. आमचे सर बाहेरून ओरडले, "अरे, बॉल चावतोय काय तुला?"

परत येताना तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेतलंत. मग म्हणालात, "हात लावला की शिट्टी. ह्यो कसला खेळ म्हणायचा?" आणि तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत आल्यावर, "तू लेका पोस्टमन हायस व्हय त्यात? आलं की दिलं, आलं की दिलं!"

फार राग आला होता मला. पण खरंच होतं ते. त्या सबंध सीझनमध्ये मी बास्केटकडे एकदासुद्धा बॉल टाकला नाही.

दुसऱ्या वर्षी मी एक वही सुरू केली. बॉल टाकायची भीती होती, पण दुसऱ्याचा चुकलेला उचलायला कसली भीती? प्रॅक्टिसला कोणी कुठून टाकला, चुकला, आणि कुठे पडला, हे मी रोज लिहून ठेवू लागलो. कोपऱ्यातून लांबून टाकलेला बॉल चुकला तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो. डावीकडून घाईने बास्केटमागच्या फळीवर मारलेला आखूड पडला तर रिंगला लागून पुढेच येतो. पोरं चिडवायची, "सरका रे, तलाठी आले!" पण बॉल पडायच्या आधी तिथे तलाठीच उभा असायचा. सरांनी मला मॅच अर्धी झाली की उतरवायला सुरुवात केली.

ती वही मी तुम्हाला मोठ्या ऐटीत दाखवली होती. तुम्ही सगळी पानं उलटलीत आणि म्हणालात, "दुसऱ्यांच्या चुका झ्याक मांडल्यास की. तुझी एकबी न्हाय ह्यात."

त्याच आठवड्यात, शनिवारी, तुम्ही मला शिरोलीला कारखान्यात नेलंत. ओतकाम चालू होतं, लोखंडाचा लाल रस साच्यात पडत होता. तुम्ही मला ते लांबून बघू दिलंत आणि मग भंगाराच्या ढिगातून एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवलात. त्याच्या मधोमध केसासारखी बारीक रेघ होती. "ही रेघ बघितलीस? ओतणाऱ्याचा हात मधीच थांबला. पैला रस गार झाला, मागनं आला त्यो त्याला चिकटलाच न्हाय. हात थरथरला तर थरथरू दे. पर एकदा ओताय लागलास की मधी थांबायचं न्हाय."

सरांनी मला पायाची ठेवण शिकवली, कोपर कुठे हवं ते शिकवलं. पण मी बॉल टाकायला लागलो तो त्या भंगाराच्या तुकड्यानंतर. तो अजून माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून वापरतो.

तिसऱ्या वर्षी मी पहिल्या पाचात आलो. चुकायचो, पण टाकायचो. वहीत माझंही नाव येऊ लागलं. आणि मग आपल्याच मैदानावरची ती विभागीय स्पर्धेची मॅच. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणाने मागे, बॉल माझ्या हातात. बास्केटच्या डाव्या बाजूला मी मोकळा होतो. उडी घेतली, हात वर गेला, आणि आप्पा, मी थांबलो. किती थांबलो असेन? डोळ्याची पापणी लवते तेवढा. तेवढ्यात कोणाचा तरी पंजा आला आणि बॉल गेला. आम्ही एका गुणाने हरलो.

तुम्ही कठड्याला टेकून उभे होतात. एवढंच म्हणालात, "रेघ पडली की रं."

दुसरं कोणी काही बोललं असतं तर मी विसरलो असतो. तुमचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. बी.ए.चं ते शेवटचं वर्ष, म्हणजे खेळही संपला. मला अजून एक सीझन हवा होता. त्या एका उडीसाठी!

आता ऐका. परीक्षेच्या आधी मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून आलो होतो, की एखाद्या विषयात राहिलं तर पुन्हा नियमित प्रवेश मिळतो का आणि टीममध्ये घेतात का. क्लार्क म्हणाले, "मिळतो, घेतात. पण तुझ्यासारख्यानं कशाला विचारावं?" मी म्हटलं, मित्रासाठी विचारतोय.

इतिहासाच्या पेपराच्या आदल्या दिवशी तुमच्या हातमोज्यात रस शिरला आणि उजवा तळवा भाजला. सकाळी ड्रेसिंगला तुम्ही एकटे जाणार होतात. मीच हट्टाने दवाखान्यात आलो. "जा रं, पेपर हाय तुझा," असं तुम्ही किती वेळा म्हणालात! मला परीक्षेला दहा मिनिटं उशीर झाला. पण त्यांनी मला आत घेतलं, आप्पा. उशिराने काहीच बिघडलं नव्हतं. सहातले पाच प्रश्न मला येत होते. मी नाव घातलं, बैठक क्रमांक घातला, पट्टी घेऊन सगळ्या पानांना समास आखले. आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आलो.

मी नापास झालो तो असा.

आणि तुम्ही काय समजलात? निकालाच्या दिवशी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तुम्ही म्हणालात, "माझ्या हातानं तुझं वरीस जाळलं." बुद्धविहारात तुम्ही सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतंत, की आपल्या घरातला पहिला बी.ए. येतोय. नंतर तीन-चार रविवार तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत. मी तेव्हा बोलायला हवं होतं ना? रोज सांगायचं ठरवायचो आणि जेवण टाकून उठायचो. आई म्हणायची, "पोरगं वरीस गेल्याचं मनाला लावून घेतंय." मी ते वर्ष हातात घट्ट धरून बसलो होतो, हे तिला काय माहीत?

चौथ्या वर्षी मी कॅप्टन झालो. मॅच पुन्हा त्याच कॉलेजशी, आपल्याच मैदानावर, आणि तुम्ही त्याच कठड्याला. शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो, हेही तसंच! मी डाव्या बाजूला होतो. बॉल आला, हात थरथरत होता, पण मी थांबलो नाही. टाकला, आणि चुकला.

पण तो कुठे पडणार हे माझ्याइतकं त्या मैदानावर कोणाला माहीत होतं? डावीकडून, फळीवर, घाईने. मी पुढे सरकून उभाच होतो. बॉल हातात आला आणि त्याच दमात पुन्हा टाकला. आत!

तुम्ही कठडा ओलांडून मैदानात आलात, चपला घालून! शिपाई ओरडला, "ओ मामा, चपला!" तुम्हाला काही ऐकू आलं नाही. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत ती त्याच उजव्या हाताने. तळव्यावरची कातडी मला शर्टातून खरखरीत लागली. मला रडू आलं. सगळे समजले, जिंकल्याचं आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमची मूठ नीट वळेना, म्हणून तुम्हाला गेटवर बसवलं. मी त्याच कारखान्यात पॅटर्न स्टोअरला, साच्यांचे लाकडी नमुने ठेवतात तिथे, लागलो. परीक्षेचे दिवस कामात गेले, पेपर राहिला तो राहिलाच. तुम्ही गेलात तेव्हा घरात पदवीधर नव्हता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी सतरंजीचे धागे मोजत बसलो होतो.

यंदा त्याच पेपराला बसलो. समास आखले, आणि दोन पुरवण्या घेतल्या.

आता तात्यांचं. काल मोल्डिंगच्या शेडमध्ये पेढे घेऊन गेलो. तुमच्या शेजारी वीस वर्षं साचे भरलेले तात्या, निवृत्तीला आलेत, पण आवाज तसाच. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आता पास झालास व्हय? मंग पेपर गेल्याची तुझ्या बाची गोष्ट मोडली की!"

मी विचारलं, "कसली गोष्ट?"

"तुला म्हाईत न्हाय? अरं, रोज जेवणाच्या सुट्टीत त्यो हाताचा डाग दावायचा आमाला. म्हणायचा, ह्यो तळवा भाजला म्हणून पोराचा पेपर गेला. पेपर गेला म्हणून वरीस वाढलं. वरीस वाढलं म्हणून पोरगं कप्तान झालं आनि मॅच काढली. बाकीच्यांची पोरं कप घरात ठेवत्यात, माझ्या पोराचा कप माझ्या हातावर हाय! नवीन मानूस आला की पैली हीच गोष्ट. आमी म्हणायचो, पुरं की आता, भाकरी गार व्हायली!"

सगळी शेड हसली. मीही हसलो. मग पॅटर्न स्टोअरच्या मागे जाऊन बराच वेळ बसलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मला का नाही सांगितलंत, आप्पा? सगळ्या शिरोलीला सांगत होतात, घरी एक शब्द नाही! मला वाटत होतं तुम्ही मरेपर्यंत ते ओझं वाहिलंत. आणि तुम्ही तर ते कधीच खाली ठेवून त्याच्यावर ऐसपैस बसला होतात.

तर खरं हे आहे. पेपर तुमच्या हाताने गेला नाही, तो मीच कोरा दिला. तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, ते वर्ष जाळल्याचं नव्हे, तर गोष्ट मोडल्याचं. पण मोडली नाही ती. त्या शनिवारी तुम्ही भंगारातला तुकडा दाखवला नसता, तर मला आणखी दहा सीझन मिळूनही मी पोस्टमनच राहिलो असतो. चौथा सीझन मी चोरून मिळवला. पण तो तुमच्या हातानेच पार पडला. तो डाग कप म्हणून दाखवायचा तुमचा हक्क पुरेपूर खरा होता.

पदवीदानाला आईला घेऊन जाईन. तुमचा कोट उसवलाय, तो शिवून तोच घालीन. आणि एक वचन देतो. तात्यांना किंवा त्या शेडमध्ये कोणालाही मी कोऱ्या पेपराचं सांगणार नाही. नवीन माणूस आला आणि तात्यांनी ती गोष्ट सुरू केली, तर मी शेजारी उभा राहून मान डोलवीन. एखादा दुवा ते विसरले तर पुरा करीन.

पाच पानं झाली. एकही फुली नाही. मध्ये कुठे थांबलो नाही, आप्पा.

तुमचा,
राजेंद्र (बी.ए.)