पाठीवरची खूण

हानयांग, आठव्या महिन्याची चौथ

चि. सौ. बुन्ने हिला ग्युबोकदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला आलीस तेव्हा त्यांची हत्यारांची थैली आठवण म्हणून घेऊन गेलीस. त्यात एक जाड पितळी नाणं आहे. ते खर्चायचं नव्हे, बाई! बाबांनी हाताने कोरलेलं मूळ नाणं आहे ते. वाळूत ते दाबायचं, उमटलेल्या ठशात तांबं ओतायचं, तेव्हा आपल्या भट्टीची नाणी होतात. बाजारातलं नाणं त्या कामाला चालत नाही, तांबं निवताना आक्रसतं आणि त्यावरून ओतलेलं लहान होतं; मूळ नाणं मुद्दाम थोडं मोठं कोरलेलं असतं. माझ्याकडची मूळ नाणी झिजून गेली. सणानंतर भट्ट्या पेटतील, आणि आपल्या भट्टीची खूण असलेलं मूळ नाणं ज्याला दाखवता येणार नाही त्याची भट्टी काढून घेऊ, असं अधिकाऱ्यांनी बजावलंय. याआधीही दोन पत्रं धाडली. झोपली होतीस का? ताबडतोब पाठव. तुझी वहिनी विचारतेय, खोकला गेला का.

चिडलेला, तरी तुझाच,
दादा

गेसॉन्ग, अकरावी

ती. दादास बुन्नेचा साष्टांग नमस्कार वि. वि.

केवढा तो आरडाओरडा! आधीची पत्रं यांनी दुकानात ठेवली आणि विसरले. त्यांच्याशी भांडून झालंय. नाणं सापडलं. पण काय रे त्याची दशा! पाठ काळीकुट्ट, खाचांत चिकट घाण. अधिकाऱ्यांपुढे असं नेणार होतास? चुसकच्या सणासाठी पितळेची भांडी घासायला बसलेच होते. कौलाची पूड घेतली, गवताचा बोळा घेतला आणि मनगट दुखेस्तोवर घासलं. पुढच्या बाजूची चार अक्षरं सरकारी, तिथे जोर करायची भीती वाटली. पाठ मात्र अशी लख्ख केलीय की तोंड पाहून घ्यावं. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा माझं काम वाखाणलं. जिनसेंगच्या व्यापाऱ्याबरोबर नाणं आणि सणाचे तांदळाचे सोंगप्यॉन पाठवतेय. खाऊन तरी गोड बोल. खोकला गेला.

माया राहू दे,
बुन्ने

हानयांग, एकोणिसावी

चि. सौ. बुन्नेला आशीर्वाद.

नाणं पोचलं. तोंड दिसतं खरं. माझंच दिसलं.

खूण पाठीवरच होती गं, आधीच झिजून पुसट झालेली! मधल्या चौकोनी भोकाच्या वर टांकसाळीचं अक्षर, खाली आपल्या भट्टीचा आकडा. अधिकाऱ्यांनी नाणं उलटवलं, बोट फिरवलं आणि विचारलं, ही भट्टी कोणाची? मी घसा सुकेपर्यंत सांगत राहिलो. भट्टी गेली. उद्यापासून शेजारच्या भट्टीची नाणी कानशीने घासायची. घासणं आपल्या घराण्यातच आहे म्हणायचं.

तुझी वहिनी म्हणते, बिचारीने मायेनं केलं. तेच कळतं, म्हणून तर धड ओरडताही येत नाही. सोंगप्यॉन चांगले होते.

आता आपल्या खुणेचं नवं नाणं निघणार नाही. जुनी अजून बाजारात फिरताहेत. एखादं हाती आलं तर खर्चू नकोस, माझ्यासाठी ठेव. कितीही काळं असलं तरी घासू नकोस.

दादा