अण्णा, तुझ्या गाडीवर नवं हेड बसलं

प्रिय अण्णा,

काल दुपारी तुझी गाडी गुलबर्ग्याला जाऊन परत आली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्येंना कळवा की." कसं कळवू? शेवटी गॅरेजचं शटर निम्मं ओढून घेतलं आणि वही पुढ्यात घेऊन बसलोय. मला लिहायची सवय न्हाई, तुला ठाऊकच आहे.

तू जाऊन आठ महिने झाले. शेवटचे तीन दिवस आपण बोललो न्हाई, तेही ह्याच गाडीवरून. चौथ्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत कळ आली. त्या तीन दिवसांत एकदा तरी चहाचा कप घेऊन मी तुझ्यासमोर का आलो न्हाई?

हुमनाबादच्या रस्त्यावर पाणी उकळून गाडी बंद पडली आणि इंजिनाचं हेड, वरचं झाकणच, वाकलं. तू ते दोनदा घासून बसवलंस. दोन्ही वेळा महिन्याभरात ऑइलमध्ये पाणी उतरलं. तसलं दुसरं हेड कुठं मिळेना. तेव्हा मी म्हणालो, ह्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं हेड ह्या खालच्या ब्लॉकवर बसतं, पुण्याला कामाला होतो तेव्हा तिथल्या वर्कशॉपात मी बघितलंय. इंजिन जोरात फिरायला लागलं की त्यातले हवा आत घेणारे व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडतात. सावकाश चालवलं तर पेट्रोल कमी, पळवलं तर ताकद जास्त.

तू पाना खाली ठेवलास.

"मल्लू, दुसऱ्याचं डोकं आपल्या धडावर कामून ठेवायलास? त्याला कंप्युटर लागतो. त्यो आपल्याला इचारणार न्हाई."

"शिकू की, अण्णा."

"पुण्याचं शहाणपण पुण्यात. माझ्या गॅरेजात ह्ये व्हायचं न्हाई."

माझ्या गॅरेजात! गावाकडची, मेहकरची मेंढरं विकून आपण दोघांनी उभं केलेलं गॅरेज तुझं एकट्याचं कधी झालं? फार लागलं मला. मीही नको ते बोललो.

आता वाटतं, तू माझ्यावर चिडलाच नव्हतास. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा तू, आणि तुझ्या तोंडावर लोक म्हणायला लागले होते, "मिस्त्री, ह्यात कंप्युटर हाय, तुमाला कळायचं न्हाई." नव्या गाड्या सरळ गुलबर्ग्याला जायच्या. ते तुला किती टोचत असेल, हे मी एकदाही विचारलं न्हाई.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी गाडी न्यायला भंगारवाला आला. वहिनी दारात उभी होती. मी म्हणालो, "वहिनी, मला थोडे दिवस द्या. न्हाई जमलं तर खुशाल द्या त्याला."

ती म्हणाली, "त्येंनी न्हाई म्हणलं होतं नव्हं?"

"व्हय."

तिनं पदरानं बोनेटवरची धूळ पुसली. मग भंगारवाल्याला म्हणाली, "न्हाई द्यायची. जावा तुमी."

हैदराबादच्या जुन्या मालाच्या बाजारातून मी हेड आणलं, बारदानात गुंडाळून, बसमध्ये पायाशी ठेवून. त्याच गाडीचा कंप्युटर आणि वायरींचा जुडगा आणला. आणि पहिल्याच दिवशी तुझं म्हणणं निम्मं खरं ठरलं. नव्या हेडाला व्हॉल्व्हची चाल बदलायला दाबाचं ऑइल लागतं, आणि आपल्या ब्लॉकात त्याची वाटच न्हाई. चार दिवस नुसता बघत बसलो. मग ऑइलच्या दाबाचा स्विच असतो ना, तिथं पितळी जोड बसवून बाहेरून नळी वर नेली. तू असतास तर चार दिवस लागले नसते.

दुसरी भीती मोठी होती. व्हॉल्व्ह जास्त उघडून पिस्टनला धडकले तर सगळं इंजिन गेलं. मी वहिनीकडं कणीक मागितली.

"कशाला?"

"पिस्टनवर थापायला."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. तरी तिनं पुरीसारखी घट्ट मळून दिली. व्हॉल्व्ह मोठ्या मापावर अडकवून मी हातानं इंजिन दोन फेरे फिरवलं, हेड परत उतरवलं आणि व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता तिथं कणीक कापून जाडी मोजली. जागा पुरेशी होती. वहिनी वाकून बघत होती. म्हणाली, "म्हंजे धडकत न्हाई?" मी मान डोलावली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

वायरींनी मात्र मला रडवलं. गाडी चालू झाली, पण कितीही रेस केली तरी व्हॉल्व्हची चाल बदलेना. तीन दिवस मी तपासत होतो. शेवटी वहिनी शिलाई मशीन सोडून आली, चष्मा लावला आणि एकेक वायर कागदावरच्या नकाशाशी ताडून बघायला लागली. जन्मभर दोऱ्याच्या छटा जुळवलेली बाई ती.

"भाऊजी, हितं निळ्यावर काळी रेघ लिहिलीय. तुमी निळ्यावर पांढरी जोडलीय."

खरंच की! ऑइलचा दाब आलाय हे कंप्युटरला कळवणारी वायर होती ती.

काल तिला शेजारी बसवून निघालो. कमलापूरच्या अलीकडं चढ लागला, मी तिसऱ्या गिअरवर पाय दाबला आणि आवाज बदलला, अण्णा. गाडीनं छाती भरून श्वास घेतला जणू. पुढची लॉरी बघता बघता मागं पडली. वहिनीनं दांडी घट्ट धरली आणि म्हणाली, "अजून दाबा."

गुलबर्ग्याच्या मोठ्या वर्कशॉपात मुद्दाम गेलो. तिथल्या मुख्य मिस्त्रीनं मशीन जोडून बघितलं. एकही दोष निघेना. बोनेटखाली वाकून त्यानं ती बाहेरची नळी बोटानं चाचपली.

"ये काम कहाँ कराए?"

"चिटगुप्प्याला. आमच्या गॅरेजात."

"कंपनी का आदमी आया था क्या?"

"न्हाई. मी आणि माझी वहिनी."

त्यानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं, आणि माझा नंबर लिहून घेतला. त्यांच्याकडं अशाच एका गाडीचं काम अडलंय. सोमवारी ती आपल्याकडं येतेय.

तू चुकलास, अण्णा. हे तुला तोंडावर सांगायला मिळालं असतं, तर तू आधी भांडला असतास आणि मग गुपचूप बोनेट उघडून बघितलं असतंस. ऑइलची नळी मात्र मी दोन ठिकाणी आवळून बांधलीय, कारण थरथरीनं नळी घासते हे तूच शिकवलंस.

एक शब्द देतो. ही गाडी विकणार न्हाई आणि झाकूनही ठेवणार न्हाई. वहिनीला शिलाईचा माल आणायला दर महिन्याला गुलबर्ग्याला जावं लागतं. उद्या सकाळपासून तिला गाडी शिकवायला घेतोय. दिवाळीच्या आत ती एकटी जाऊन येईल, मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे टाकून.

तुझा धाकटा,
मल्लू