टोरीच्या तेलातला ट्रॅक्टर

मामाजी,

तुमचा ट्रॅक्टर सुरू झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ लावलेलं तुम्हाला कधी आवडत नसे. तुम्ही गेल्याला वीस-बावीस वर्षं झाली, आणि त्याच्या आदल्या वर्षापासून तो गुरांच्या कोठ्याच्या मागच्या मांडवात उभा होता. आम्ही त्याच्यावर धानाचं तणस रचलं, तणसावर शेळ्या चढल्या, बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटले. गावात आता असा एकही माणूस उरला नव्हता ज्याला वाटत होतं की हा पुन्हा धूर सोडेल. एक मी सोडून. आणि मी तुमची सून, तेव्हा माझ्या वाटण्याला कोण विचारतो.

तुमच्याशी एवढं लांब मी पहिल्यांदाच बोलतेय. तुमच्या घरात मी किती वर्षं काढली, पण तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरून "हो मामाजी" यापलीकडे वाक्य गेलं नाही. तुम्हीही माझ्याशी थेट कधी बोलला नाहीत. सासऱ्याने सुनेच्या तोंडाकडे पाहून बोलायचं नाही ही तुमच्या काळची रीत, आणि तुम्ही ती अशी पाळलीत की मला ट्रॅक्टर शिकवलात तोही धानाच्या बांधीकडे तोंड करून.

तो दिवस मला लख्ख आठवतो. ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ड्रायव्हर काम सोडून गेलेला. लावायची रोपं, पऱ्हे, पिवळे पडायला लागलेले. तुमचे चिरंजीव शाळेत मास्तर. खडूची सोडून दुसरी कुठलीही धूळ त्यांना सोसत नव्हती, अजूनही सोसत नाही. मी चुलीपाशी भात उतरवतेय, सासूबाई भाजी निवडतायत, आणि तुम्ही दारात उभे राहून भिंतीला सांगावं तसं सासूबाईंना सांगता, "सुनेले इचार, ट्रॅक्टरवर बसते का म्हना." मी तुमच्यापासून चार हातांवर. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताचं झाकण ठेवलं आणि त्यांनाच म्हटलं, "हो म्हना." एवढ्यावर सगळं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी सीटवर आणि तुम्ही मडगार्डवर, पाठ माझ्याकडे, नजर दूर तळ्याच्या पाळीवर. माझा पाय क्लचला पुरत नाही हे तुम्हाला न बघताच कळलं कसं, देव जाणे. पण संध्याकाळपर्यंत सुताराकडून सागाचा ठोकळा आणून तुम्ही पॅडलवर बसवून घेतलात. माहेरचं लुगडं, सासरचे दागिने, कितीतरी वस्तू मिळाल्या मला आयुष्यात, पण माझ्या मापाने कोणी काही बनवून घेतलं असेल तर तो ठोकळा.

बोलणीही खाल्ली तुमची. चिखलणी चालू असताना मी घाई केली, वळणावर गिअर दात खात बसला आणि लोखंडी पिंजऱ्याची चाकं बांधाला घासली. तुम्ही खाली उतरलात, फुटलेल्या बांधाकडे बघत म्हणालात, "ट्रॅक्टरले घाई नसते. चालवनाऱ्याले असते. आयकत जा त्याले." मी रात्रीपर्यंत जेवले नाही. राग तुमचा नव्हता आला, तुमचं बरोबर होतं याचा आला होता. पुढच्या वर्षी आपल्या बांधींचा चिखल पाहायला शेजारच्या गावचे लोक थांबायचे. कोणी कौतुक केलं की तुम्ही ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारायचात. ती थाप माझ्यासाठी होती, असं मी धरून चालले. चूक असेल तर आता काही इलाज नाही.

मग तुमची तब्येत ढासळली. त्या वर्षी भाड्याचा ट्रॅक्टर आणून रोवणा उरकला आणि आपला मांडवात गेला. तुम्ही गेल्यावर चिरंजीवांनी भाड्याचंच सोयीचं ठरवलं. फोन केला की माणूस येतो, काम करतो, जातो. शेती मीच पाहत होते, पण ट्रॅक्टरचा विषय निघाला की घरात सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवायची. मीही विषय बाजूला ठेवला, संपवला मात्र नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तुमच्या नातवाने बातमी आणली. ताडोब्याकडे वाघ बघायला येणाऱ्या लोकांसाठी हॉटेलं झाली आहेत, त्यातल्या एकाला गेटवर जुना ट्रॅक्टर हवा होता. उभा करायचा, निळा-पिवळा रंग द्यायचा आणि बॉनेट काढून इंजिनच्या जागी माती भरून फुलझाडं लावायची. पोरगा वाईट नाही, मामाजी. तो म्हणाला की सडण्यापेक्षा लोकांच्या डोळ्यांसमोर तरी राहील. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या इंजिनात उभा असलेला झेंडू आला. माझं डोकं असं तापलं की विचारू नका. मी म्हटलं, "नेनारे येतीन तवा तो चालत असन तं तो कुठीच जानार नाई. बंद असन तं घेऊन जा, मी तोंड उघडनार नाई." तो हसला. म्हणाला, "आई, तू काऊन हट्ट करून राह्यली? त्याचं इंजिन जाम हाये." चिरंजीवांनी पेपरामागून दुजोरा दिला. ठीक आहे म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

नागभीडहून मिस्त्री बोलावला. हुशार माणूस, हात चांगला. त्याने फॅनच्या पुलीला पान्हा लावून जोर केला, पाइप घालून जोर केला, दोन गडी लटकले. इंजिन तसूभर हललं नाही. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं की आत पाणी जाऊन सिलिंडर गंजले, पिस्टन धरले गेले, आता याचे तुकडे केल्याशिवाय काही सुटायचं नाही. आणि या मॉडेलचं सामान आता कुठे मिळणार? तुमच्या नातवाचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी म्हटलं, एवढा आलाच आहेस तर सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल तेवढे काढून दे. त्याने माझं मन राखायला म्हणून ते काढले. पहिला नोझल निघाला तसा भोकातून वास आला आणि मी जागच्या जागी थांबले.

तो वास मला कसा चुकेल? मी चामोर्शीकडची. माझ्या माहेरी टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचायला आम्ही झाडांखाली जायचो, टोरीच्या तेलात पुऱ्या तळायचो, दिवा लावायचो, डोक्याला तेच आणि बैलगाडीच्या आखाला तेच. खवट झालेल्या टोरीच्या तेलाचा वास होता तो, डिझेलचा नाही आणि गंजाचाही नाही. तेव्हा मला तुमचं ते शेवटच्या आजारपणातलं दुपारचं उठणं आठवलं. तेलाचा डबा घेऊन तुम्ही मांडवाकडे गेला होतात. परत आलात तेव्हा धाप लागली होती आणि अंगणातल्या तुळशीला म्हणालात, "लोखंडाले तेल पाजलं का ते झोपते, मरत नाई." मी समजले, गाडीच्या आखाचं म्हणताय. तुम्ही तर अख्ख्या इंजिनाला पाजून आला होतात. नांगराच्या फाळाला लावतात तसं.

आता टोरीचं तेल म्हणजे काय चीज आहे ते आम्हा बायकांना विचारावं. हिवाळ्यात ते तुपासारखं थिजतं. भांड्याच्या बुडाशी वर्षानुवर्षं राहिलं तर त्याचा डिंक होतो, असा की नखाने खरवडता येत नाही. माझ्या मायकडे तसा एक पितळी लोटा होता. तो घासायच्या आधी माय त्याला दिवसभर उन्हात ठेवायची आणि मग कढत पाणी ओतायची. मी मिस्त्रीला म्हटलं, "भाऊ, हा गंजला नाई. चिकटला हाये." तो म्हणाला, बाई, ट्रॅक्टर आणि लोटा यात फरक असते. मी म्हटलं, असेल. पण तू उद्या ये.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून तो मांडवाबाहेर काढला आणि अंगणाच्या मधोमध उघड्यावर उभा केला. चंद्रपूरचा मे महिना, मामाजी. माणसं सावली शोधत फिरतात आणि मी ट्रॅक्टरची सावली काढून घेतली. गावात चर्चा झाली की बाईच्या डोक्याला ऊन लागलं. लागू दे. सिलिंडरमध्ये डिझेल भरून ठेवलं. चुलीवर लग्नाघरचा मोठा हंडा चढवला आणि उकळतं पाणी रेडिएटरमधून ओतायचं, खालून सोडायचं, परत ओतायचं, म्हणजे सिलिंडरांना बाहेरून शेक बसेल. वरून ऊन, आत डिझेल, भोवती कढत पाणी. बाळंतिणीला इतका शेक मिळत नसेल. मिस्त्री सुरुवातीला गंमत बघायला थांबायचा, मग स्वतःच हंडा उचलायला लागला. रोज संध्याकाळी आम्ही पुलीला पाइप लावून जोर करायचो. रोज काही होत नव्हतं. हॉटेलवाल्यांचा दिवस जवळ येत होता आणि एका संध्याकाळी मला खरंच वाटलं की आपण तोंडावर पडलो. झेंडू दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हात भाजेल असं लोखंड तापलेलं असताना, मी पाइपवर भार टाकला आणि पाइप दोन बोटं खाली गेला. मला वाटलं माझाच पाय सरकला. मिस्त्रीने हात लावला, आणखी चार बोटं गेला. हळूहळू पूर्ण एक फेरा झाला आणि नोझलच्या भोकांतून काळा-तांबूस राबडा बाहेर आला. त्याने आत बोट फिरवलं, वर बघितलं आणि म्हणाला, "बाई, आतमंदी लोखंड आरशासारखं हाये. जंगाचा ठिपका नाई." मी बसले तिथेच, तापल्या अंगणात. रडू आलं, लपवत नाही.

पुढचं काम मिस्त्रीचं आणि ते त्याने मनापासून केलं. पंप खोलून शहरातून साफ करून आणला, नळ्या बदलल्या, बॉनेटखालून उंदरांची घरटी काढली, क्लच सोडवला. ब्रेक मी आधी बघून घेतले, एवढी काही मी वेडी नाही. सेल्फ स्टार्टर गेलेलाच होता, म्हणून बोडीच्या, आपल्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर ओढून नेला आणि तोंड उताराकडे करून उभा केला. मिस्त्री म्हणाला, मी बसतो. मी त्याला बाजूला सारलं. सीटवर बसून पदर खोचला, ब्रेक सोडला. उतारावर वेग आला, गिअर टाकला, क्लच सोडला. एक गचका, दुसरा गचका, पांढऱ्या धुराचा लोट, आणि मग तो आवाज. ढग्-ढग्-ढग्. धुराला टोरीच्या तेलाचा वास होता. सगळ्या गावात असा वास पसरला की पलीकडच्या आळीतल्या म्हातारीने विचारलं, कोणाच्या घरी पुऱ्या तळून राह्यले?

हॉटेलचा माणूस ठरल्या दिवशी क्रेन घेऊन आला तेव्हा मी खालच्या बांधीत उन्हाळी नांगरणी करत होते. त्याने बांधावरून बराच वेळ पाहिलं आणि तुमच्या नातवाला म्हणाला की चालू असेल तर आणखीच छान, पाहुण्यांना फेरी मारता येईल. नातू बांधाच्या कडेला आला. त्याला माझ्याकडे बघून उत्तर द्यायचं होतं बहुधा, पण मी थांबले नाही, नांगराचा तास अर्धा राहिला होता. शेवटी त्यानेच सांगितलं, "नाई जी, हा कामाचा हाये." क्रेन रिकामी गेली. पोरगा मग चपला काढून बांधीत उतरला आणि मडगार्डवर येऊन बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघूनच बोलले. म्हटलं, गिअर टाकताना घाई करू नको.

गावात मी सगळ्यांना सांगितलं आहे की मामाजींनी आजारपणात उठून इंजिनाला तेल पाजलं, म्हणून ते वीस वर्षं गंजलं नाही. लोक माना डोलावतात. मिस्त्री तर ही गोष्ट नागभीडला जाऊन सांगतो. खोटं नाही ते. पण इंजिन जाम झालं तेही त्याच तेलाने. इंजिनाला टोरीचं तेल पाजतात का कधी, मामाजी? थोडं मोबिल ऑइल घातलं असतंत तर मला मे महिन्याच्या उन्हात हंडे उपसावे लागले नसते. हे मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. लिहून झाल्यावर चुलीत जाईल. पण तुमची चूक मला सापडली त्या दुपारी सगळ्यात आधी काय मनात आलं ते सांगते. तुम्ही असता तर पदर मागे टाकून, तुमच्या तोंडाकडे बघून, मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते. तेवढं एक भांडण मला हवं होतं.