पाटीवरचं लोणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा बेकरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. माणूस संतापलेला असला तरी डोकं ठिकाणावर असू शकतं, असं हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या वकीलबाईंना सांगितलं आहे.

१. भट्टीमागच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिची आई हृदयविकाराने जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवशी चार लोकांसमोर ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला लोणी चारून चारून मारलंत." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

२. दुकानावरची 'शुद्ध लोण्यातली बिस्किटं' ही पाटी कोणालाही देऊ नये. उतरवून भट्टीत घालावी. मीच रंगवली होती, पण ती अकरा वर्षं धडधडीत खोटं बोलली. खरेदी माझ्या धाकट्या भावाकडे होती. त्याने लोणी बंद करून घट्ट केलेल्या तेलाचे डबे आणले. पहिल्याच दिवशी मला कळलं. लोणी जिभेवर विरघळतं, हे टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. विचारलं तर म्हणे, "दादा, झाडापासूनचं आहे, कोलेस्टेरॉल शून्य. विकणाऱ्याने कागदच दिलाय." मी गप्प बसलो. तेवढी चूक माझी आहे, ती कोणाच्या माथी मारत नाही.

पण पुढचं ऐका. बायकोच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा ती चार बिस्किटं ताटलीत घेऊन दुकानात आली. "भावजी, ह्यात आहे तरी काय? खाऊ ना?" हा गल्ल्यावरून मान न उचलता म्हणाला, "वहिनी, बिनधास्त खा." ती रोज चहाबरोबर खात राहिली. ती गेल्यावर मी मुलीला डब्यांचं सांगितलं, तर हाच तिच्यासमोर म्हणाला, "दादाला हल्ली आठवत नाही गं, लोणीच होतं." त्या वाक्याचा राग माझ्या पोटात अजून जसाच्या तसा आहे.

३. पाककृतींची वही मुलीला. लोणी म्हणजे अमृत, असा माझा दावा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, लोणीही हात राखूनच खावं. पण तसं घट्ट केलेलं तेल त्याहून वाईट, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. म्हणून मी वहीत जवळजवळ सगळीकडे लोणी खोडून बाटलीतून धारेने पडणारं तेल लिहिलं आहे, आणि जमेल तिथे बदाम-अक्रोड. एकच बिस्किट तेलात काही केल्या जमेना. तिथे लोणी ठेवलं आहे आणि बाजूला लिहिलं आहे, 'तुझ्या वाढदिवसाला'. पोरी, आईचा आजार तुझ्याकडेही आलेला असू शकतो. रक्त तपासून घे, माझ्यावरचा राग तपासणीवर काढू नकोस.

४. आता बेकरीतला माझा अर्धा हिस्सा. वकीलबाई सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे कळल्यावर मी धाकट्यालाच साक्षीला बोलावलं. त्याने हे सगळं वाचून खरं असल्याचं स्वतःच्या हाताने लिहावं आणि सही करावी. केली, तर माझा हिस्सा तीस वर्षं पीठ मळणाऱ्या मावशींना जाईल. नाही केली, तर शेजारच्या शिंपीमामांचे थोरले बंधू साक्षीदार होतील, हिस्सा धाकट्यालाच मिळेल, आणि मी मुलीच्या लेखी तिच्या आईचा मारेकरी म्हणून जाईन. मी त्याला आग्रह करणार नाही. आयुष्यभर आग्रह करूनच त्याला वाढवला आहे.

ठिकाण: भट्टीमागची खोली.
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे शिंपीमामा: (सही) माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरे, धाकटा भाऊ: वाचलं. अकरा वर्षं लोणी नव्हतं. वहिनी ताटली घेऊन आल्या तेव्हाही नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. पाटी मी आत्ताच उतरवतो. दादा, पोरीने हे वाचायला तुझ्या मरणाची वाट कशाला बघायची, तिला आजच फोन करून मी सांगतो. (सही)