एक वीसची बस

शुक्रवार, १ जून २०१८

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डब्लिन सोडले. निघण्यापूर्वी गाडीचे आसन मागे सरकवावे लागले. उना माझ्यापेक्षा वीतभर बुटकी होती. जानेवारीपासून ते आसन तिच्याच मापाचे राहिले होते. खटका ओढला आणि निघालो.

प्रवासाचे प्रयोजन नोंदवून ठेवतो. जूनच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून उना दर वर्षी चार दिवस या पश्चिम किनाऱ्यावर, आपल्या माहेरगावी येत असे. एकटी. आई गेल्यावर माहेरचे घर विकले गेले आणि भाऊ केव्हाच बॉस्टनला स्थायिक झालेले. म्हणून ती पेग कनीली या बाईंकडे भाड्याच्या खोलीत उतरे. परतताना पुढच्या वर्षीची खोली सांगून ठेवण्याचा तिचा शिरस्ता होता. त्यानुसार या वर्षीचीही खोली तिच्या नावाने राखलेली आहे. फोनवरून नको म्हणून कळवता आले असते. परंतु पेगबाईंनी जानेवारीत सांत्वनाचे कार्ड पाठवले होते आणि त्याचे आभार मानायचे राहिले होते. समक्ष जाणे उचित वाटले.

हे लोकांना सांगण्याजोगे प्रयोजन झाले. दुसरे फक्त येथे लिहितो. वर्षातले हे चार दिवस तिला माझ्यावाचून का हवे असत? तेहेतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी तिला विचारला नाही. तसे विचारणे सभ्यपणाला धरून झाले नसते. तिला माझ्यापासून सुटका हवी होती काय? आता विचारायला कोणी उरले नाही. निदान ती जेथे येत असे ती जागा पाहावी.

गॉलवे ओलांडल्यावर रस्ता अरुंद होतो. समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देतो. मी उत्तरादाखल बोट उचलेपर्यंत तो गेलेला असतो.

तीनच्या सुमारास पोहोचलो. पेगबाई पंचाहत्तरीच्या, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. दारातच म्हणाल्या, "आलात का मास्तर! या, या. चहा टाकते."

मी विद्यापीठात गणित शिकवत असे, परंतु उनाच्या गावाने मला लग्नापासून मास्तरच केले आहे.

"नको, आभारी आहे."

"अहो, घोटभर."

"खरोखर नको."

"आता किटली तापलेलीच आहे, ती काय समुद्रात ओतू?"

चहा समोर आला. घ्यावा लागला.

आमच्या उत्तरेकडच्या अँट्रिममध्ये असे नसते. माझ्या वडिलांच्या घरी 'नको' म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. लग्नानंतर उनाने मला इकडची रीत शिकवली होती. "दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. पहिल्यांदाच हो म्हणालास तर हावरट ठरशील, तिसऱ्यांदाही नको म्हणालास तर शिष्ट." मी ती रीत तंतोतंत पाळत आलो. चहाच्या बाबतीत.

खोलीत दोन पलंग आहेत. दोन्हींवर धुतलेल्या चादरी. बहुधा एकट्याची खोली शिल्लक नसावी.

शनिवार, २ जून

न्याहारीच्या टेबलावर दोघांची मांडणी होती. दोन बशा, दोन कप, अंड्यांसाठी दोन इवल्या वाट्या.

"मी एकटाच आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला," पेगबाई म्हणाल्या, आणि दुसरा कप तेथेच ठेवून तव्याकडे वळल्या.

उना कोठे बसे, असे विचारले. त्यांनी समुद्राकडे पाठ असलेली खुर्ची दाखवली. मी तिच्यावर बसून पाहिले. समोरच्या खिडकीतून फक्त रस्ता दिसतो. दगडी बांध, काटेरी झुडपांवरची पिवळी फुले, आणि रस्ता. ज्या समुद्रासाठी लोक सातासमुद्रांपलीकडून येतात, त्याच्याकडे ती पाठ करून बसे!

दुपारी दलदलीवर गेलो. उनाच्या वडिलांचा तेथे मातीचा एक पट्टा होता, तो तिने विकू दिला नव्हता. या दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून घरोघरी चुलीत जाळतात. फेस्टी नावाचा शेजारी आजही तो पट्टा कापतो. तो ओल्या विटा पाच-पाचच्या जुडीने एकमेकींना टेकवून उभ्या करत होता. मला पाहून तो ताठ झाला आणि टोपी मागे सारली.

"उनाचे मास्तर ना तुम्ही? मग उभे काय राहिलात? वाका."

मी वाकलो. माझी पहिली जुडी कोसळली. दुसरीही.

"गणितात हे शिकवत नाहीत वाटतं," फेस्टी म्हणाला.

"शिकवतात. मलाच येत नाही."

तो हसला. वाऱ्यावर पांढरी बोंडे डोलत होती. दलदलीवर जूनमध्ये कापसासारखे गवत फुलते. उना त्याची एक काडी दर वर्षी घरी आणून दौतीत खोचून ठेवी. ती कोठून आणतेस, हेही मी कधी विचारले नव्हते.

"शुक्रवारी, रविवारी ती इथं राबायची," फेस्टी म्हणाला. "पण शनिवारी जेवणाआधी कधी आली नाही. शनिवारी ती फाट्यावर."

"फाट्यावर कशासाठी?"

"बस बघायला. गॉलवेची बस एक वीसला येते. पाऊस असो, ऊन असो, बाई तिथं उभी. बस जायची, मग इकडं यायची. आणि त्या दिवशी विटा अशा आपटायची, जणू त्यांनीच काही गुन्हा केलाय."

"कोणी उतरत असे का?"

"पोस्टाची पोती. कधी मेरी-अ‍ॅनच्या कोंबड्या." त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली वाकला. "माणूस नाही हो. तिच्यासाठी नाही."

रविवार, ३ जून

कोणाची वाट पाहत असे ती? आईच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९९६ पासून गेल्या वर्षापर्यंत बावीस शनिवार. तीन शक्यता क्रमाने लिहून काढल्या. पहिलीच वाचून स्वतःची शरम वाटली आणि कागद फाडला. शक्यता मात्र फाटली नाही. या गावातून किती तरुण अमेरिकेला गेले. त्यांतला एखादा परत येण्याचे सांगून गेला असेल.

पेगबाईंनी विचारले, "प्रार्थनेला येता?"

"मी तुमच्या पंथाचा नाही."

"देवाला सांगणार नाही मी. येता?"

"नको. संकोच वाटेल."

"मागच्या बाकावर बसा. तिथं सगळे संकोचवालेच बसतात."

गेलो. मागे फेस्टी होता आणि झोपी गेलेले दोन मच्छीमार. संपल्यावर अंगणात एकेक जण आला, हात हातात घेऊन "वाईट झालं, मास्तर" एवढेच म्हणाला आणि बाजूला झाला. अकरा जण. पाठीमागे एक बाई दुसरीला म्हणाली, "हेच का ते?" दुसरी म्हणाली, "हेच. आले शेवटी."

पुष्कळ दिवस वाट पाहिलेल्या माणसाकडे पाहावे, तसे ते सारे माझ्याकडे पाहत होते. मला त्याचा उलगडा झाला नाही.

दुपारी किनाऱ्यावर चाललो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर माझ्या पावलांची एकच रांग मागे राहिली. तिचीही अशीच एक राहत असेल. त्या दोन रांगा शेजारी शेजारी असत्या तर कशा दिसल्या असत्या, याचा विचार करीत उभा राहिलो, भरतीचे पाणी बुटात शिरेपर्यंत.

सोमवार, ४ जून

आज विचारले. सामान गाडीत ठेवून परत आत आलो आणि उभ्या उभ्याच विचारले, "शनिवारी उना बसपाशी कोणाची वाट पाहत असे?"

पेगबाई टेबल पुसत होत्या. त्यांनी फडके खाली ठेवले.

"तुमची, मास्तर. आणखी कोणाची?"

मी म्हणालो की ते शक्य नाही. मी येणार नव्हतो आणि ते तिला ठाऊक होते. सोबत येऊ का, असे मी तिला विचारले होते. तिनेच नको म्हटले होते.

"कितीदा विचारलंत?"

"दर वर्षी."

"तसं नव्हे. एका वर्षी कितीदा?"

"एकदा."

"एकदा," पेगबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून खाली बसल्या. "बाई गं. एकदा."

नंतर त्यांनी सांगितले ते आठवते तसे लिहितो. गाडी उना घेऊन येई. म्हणजे मला यायचे तर बसनेच. शुक्रवारी माझ्या उत्तरपत्रिका तपासून संपत. मनात आलेच तर शनिवारी सकाळी निघेन, गॉलवेला बस बदलेन आणि एक वीसला फाट्यावर उतरेन, असा तिने हिशोब मांडला होता. पलंग दोन असत ते त्यासाठी. "एकच मोठा का नाही, तर म्हणे तुम्ही घोरता." टेबलावर दोन कप त्यासाठी. आणि ती रस्त्याकडे तोंड करून बसे.

"पण तिने मला सांगितले का नाही?"

"मीही तिला हेच म्हणायची. अगं, तो उत्तरेकडचा माणूस, तुझ्या शब्दाला शब्द मानतो, त्याला सरळ सांग ये म्हणून. तर म्हणायची, 'सांगितलं तर तो येईलच, पेग. ये म्हटलं म्हणून येईल, छत्री घेऊन, वेळेवर. मला तो नको म्हटलं तरी आलेला हवाय.'"

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"तुमचंही चुकलं नाही आणि तिचंही नाही," पेगबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही, दोघांचंही चुकलं. हट्टी मेले दोघंही."

मी आभार मानले. कार्डाचेही मानले. त्यांनी पाव फडक्यात गुंडाळून दिला आणि विचारले, "पुढच्या वर्षीची खोली ठेवू ना?"

"नको."

"जूनमध्ये मग मिळत नाही हो."

"खरोखर नको."

त्यांनी मान डोलावली आणि फडक्याची गाठ घट्ट केली.

फाट्यावर गाडी थांबवली. आज सुट्टी, बस नसते. तरीही खाली उतरलो. थांब्याला छप्पर नाही. मागे बांधाचा एक दगड बसून बसून गुळगुळीत झालेला आहे. एक वीसपर्यंत त्यावर बसलो.

परतीच्या वाटेवर समोरच्यांना मीच आधी बोट उचलले.

मंगळवार, ५ जून

घरी. माळ्यावरून जुन्या रोजनिश्या काढल्या. मी नोंदी चुकवत नाही.

३० मे १९९६. 'सोबत येऊ का, असे उनाला विचारले. नको म्हणाली. तुला कंटाळा येईल म्हणाली.'

२९ मे २००३. 'विचारले. नको म्हणाली. त्यानंतर बराच वेळ दारात उभी होती. काही विसरलीस का, असे विचारले. नाही म्हणाली.'

२ जून २०११. 'विचारले. नको म्हणाली. जाताना बसचे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या टेबलावर विसरून गेली. जपून खणात ठेवले.'

१ जून २०१७. 'विचारले. नको म्हणाली. थकलेली दिसते. गाडी सावकाश चालव म्हणालो.'

बावीस वर्षांत बावीस वेळा विचारले. लागोपाठ दोनदा एकदाही नाही.

वेळापत्रक अजून खणात आहे. एक वीसभोवती पेन्सिलीने गोल केलेला आहे.

बुधवार, ६ जून

पेगबाईंना फोन केला. म्हणालो, खोलीसंबंधी बोलायचे होते.

"लिहून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "दोनदाच तर नको म्हणालात."